जागेला झेपेल तेवढेच हॉटेल: पहिल्या नकाशापासून पहिल्या वर्षापर्यंत

डोंगरउतार, तळ्याचा काठ, समुद्रकिनारा किंवा जंगलाची कड अशा ठिकाणी हॉटेल काढायचे ठरले की पहिला प्रश्न हमखास येतो, "किती खोल्या बसतील?" बसतात पुष्कळ. किती झेपतील हे शोधायला वेळ लागतो, म्हणून तो प्रश्न मागे पडतो आणि तिथेच पुढच्या बऱ्याच दुखण्यांची सुरुवात होते. बांबूचे छप्पर, सोलर पॅनेल, काचेच्या बाटल्या हे सगळे नंतर आले तरी चालते. खोल्यांचा आकडा, इमारतीची जागा आणि सांडपाण्याची वाट हे तीन निर्णय मात्र पहिल्या कच्च्या नकाशातच होऊन जातात. तिथे चुकले तर पुढे कितीही महाग उपकरणे बसवा, भरपाई होत नाही.

या लेखातली सगळी आकडेमोड एकाच सूत्रावर चालते: सरासरी धरायची नाही. कोणतेही हॉटेल सरासरी दिवशी अडचणीत येत नाही. विहीर तळाला जाते ती कोरड्या हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात. नाले तुंबतात ते सर्वांत जोरदार पावसाच्या तासात. सांडपाण्याची टाकी ओसंडते ती सगळ्या खोल्या भरलेल्या सुट्टीत, आणि सांडपाण्यावर काम करणारे जिवाणू उपाशी मरतात ते हॉटेल रिकामे असताना. प्रत्येक व्यवस्थेचा वाईटात वाईट महिना वेगळा असतो. तो ओळखायचा आणि त्याच्यासाठी आखायचे.

जागा वाचणे

जागा किमान दोनदा पाहावी लागते, भर पावसात आणि कोरड्या हंगामाच्या अखेरीस. पावसात पाणी कुठून येते, कुठे थांबते, कुठे माती वाहून नेते हे डोळ्यांनी दिसते. कोणताही सर्व्हे ते इतके स्पष्ट सांगत नाही. उतारावरच्या कोरड्या घळी उन्हाळ्यात निरुपद्रवी वाटतात आणि नेमका तिथेच कोणीतरी पार्किंग काढतो.

या काळात पुढच्या गोष्टी हातात याव्यात:

- अर्ध्या मीटरच्या अंतराने समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) दाखवणारा नकाशा. पाच मीटर अंतराचा नकाशा इमारत बसवायला निरुपयोगी आहे.
- प्रत्येक मोठ्या झाडाची जागा, जात, उंची आणि जमिनीपासून दीड मीटरवर मोजलेला खोडाचा घेर.
- पूररेषा, झरे, ओहोळ, ओलसर पट्टे, प्राण्यांच्या रुळलेल्या वाटा.
- विहीर किंवा बोअरची उपसा चाचणी: सलग ४८ ते ७२ तास ठरावीक वेगाने पाणी उपसायचे, पातळी किती उतरते ते नोंदायचे आणि पंप बंद केल्यावर ती किती वेळात परत येते तेही पाहायचे. ही चाचणी पावसाळ्यानंतर केली तर मिळणारा आकडा फसवा असतो.
- मातीची शोषण चाचणी. साधारण ३० सेंटीमीटर खोल खड्डा रात्रभर भिजवून ठेवायचा, सकाळी पुन्हा भरायचा आणि पाणी २५ मिमी उतरायला किती वेळ लागतो ते पाहायचे. एक तासाहून जास्त लागला तर तिथे शोषखड्डा चालणार नाही. एक-दोन मिनिटांतच उतरले तर सांडपाणी गाळले न जाता थेट भूजलात जाईल, म्हणजे तेही धोक्याचेच.

मग हे सगळे एकाच मापाच्या पारदर्शक कागदांवर, किंवा संगणकावर वेगवेगळ्या थरांत, एकमेकांवर ठेवायचे. एका थरात ३० टक्क्यांहून तीव्र उतार रंगवायचा, दुसऱ्यात पाण्याच्या वाटा आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचे पट्टे, तिसऱ्यात झाडांची मुळे, चौथ्यात प्राण्यांच्या वाटा. रंग न चढलेला जो भाग उरतो तो बांधण्याजोगा. बहुतेक निसर्गरम्य जागांवर तो एकूण क्षेत्राच्या मानाने लहान निघतो, आणि मालकाची नजर ज्या तुकड्यावर असते तो बऱ्याचदा त्याच्या बाहेर असतो. सगळ्यात सुंदर जागेवर इमारत उभी केली तर ती जागा संपते; ती पाहायला मिळावी म्हणून इमारत थोडी बाजूला ठेवायची असते.

श्रीलंकेत डंबुल्लाजवळचे वास्तुविशारद जेफ्री बावा यांचे कंदलामा हॉटेल (१९९४) याचे अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. सिगिरियाच्या प्रसिद्ध खडकाच्या पायथ्याची जागा त्यांना दाखवली होती. त्यांनी ती नाकारून लांबवरचा, तलावाकाठचा एक कडा निवडला. सुमारे एक किलोमीटर लांबीची ती इमारत कड्याच्या वळणाने जाते, खांबांवर उचललेली आहे, आणि दर्शनी भागावर वेली चढल्यामुळे दुरून फारशी दिसत नाही. मोठे हॉटेलही जागेत मुरू शकते, पण त्यासाठी त्याला खडकाच्या आकाराने लांबट आणि अरुंद व्हावे लागते.

पाण्यावरून खोल्यांचा आकडा

समजा, कोरड्या हंगामाच्या अखेरीस केलेल्या चाचणीत विहीर दिवसाला २०,००० लिटर देते. सगळे वापरायचे नाही. एखादे वर्ष अवर्षणाचे असते आणि आसपासच्या विहिरीही त्याच पाण्यावर असतात. ६० टक्के, म्हणजे १२,००० लिटर धरू. गळती आणि आणीबाणीसाठी त्यातले १० टक्के बाजूला काढले की १०,८०० लिटर उरतात.

आता खर्चाची बाजू. पाणी वाचवणारे नळ बसवल्यावर एका पाहुण्याला न्हाणीघरासाठी १५० लिटर, स्वयंपाकघराचे ४० आणि धुलाईचे २० असे २१० लिटर धरणे वाजवी आहे. खोलीत दोन पाहुणे म्हणजे ४२०. खोलीमागे साधारण १.२ कर्मचारी, प्रत्येकी ४५ लिटर, म्हणजे आणखी ५४. एका खोलीचा हिशेब ४७५ लिटरच्या घरात जातो. १०,८०० भागिले ४७५ म्हणजे २२ खोल्या.

या टप्प्यावर कोणीतरी म्हणतेच की फ्लशला प्रक्रिया केलेले पाणी वापरू आणि खोल्या वाढवू. करून पाहा. दुहेरी फ्लशला खोलीमागे दिवसाला ४०-४५ लिटर लागतात. ते वजा केले तरी आकडा २२ वरून जेमतेम २५ वर जातो, आणि त्यासाठी सगळ्या इमारतीत वेगळ्या पाइपांचे जाळे टाकावे लागते. लहान हॉटेलात प्रक्रिया केलेले पाणी बागेला देणे जास्त सोपे आणि फायद्याचे.

पावसाचे पाणी मोजायला सोपे आहे: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १,००० चौरस मीटर छप्पर, वर्षाला ८०० मिमी पाऊस, ८० टक्के हाती लागले तर ६ लाख ४० हजार लिटर. वरच्या हॉटेलचे हे दोन महिन्यांचे पाणी झाले. ते साठवायला मात्र मोठी टाकी लागते. पाऊस वर्षभर थोडा थोडा पडत असेल तर लहान टाकी पुरते. तीन-चार महिन्यांतच सगळा पडत असेल तर एवढी साठवण परवडते का ते तपासावे, नाहीतर बरेचसे पाणी जमिनीत मुरवावे. पहिल्या एक-दोन मिलिमीटर पावसात छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा उतरते. ते पाणी, म्हणजे या छपरासाठी १,००० ते २,००० लिटर, आपोआप बाजूला काढणारा पाइप लावला नाही तर टाकी एका हंगामात नासते.

शॉवर मिनिटाला ६ ते ८ लिटरचा, वॉशबेसिनचा नळ ३ ते ४ लिटरचा. त्याहून कमी केला तर पाहुणे जास्त वेळ उभे राहतात आणि बचत जागच्या जागी जिरते. शॉवर निवडताना एक नमुना त्याच दाबावर, त्याच मजल्यावर लावून अंघोळ करून पाहावी. कॅटलॉगमधले आकडे चांगल्या दाबावरचे असतात.

पोहण्याच्या तलावाचे पाणी या हिशेबात धरायला सहसा विसरतात. उष्ण, वाऱ्याच्या जागी दिवसाला ५ ते ८ मिमी पाणी वाफ होते. १०० चौरस मीटरच्या तलावातून ५०० ते ८०० लिटर, म्हणजे एक ते पावणेदोन खोल्यांचे पाणी. तलाव हवाच असेल तर लहान, सावलीत, आणि रात्री झाकण.

इमारत जमिनीवर ठेवताना

१५ टक्क्यांपर्यंतच्या उतारावर टप्पे पाडून बांधता येते. त्याहून जास्त उतारावर माती कापून सपाटी करण्याऐवजी खांबांवर उचललेली रचना स्वस्त पडते. खांबांची किंमत डोळ्यांत भरते म्हणून हे कोणी मान्य करत नाही. कापलेला डोंगर धरून ठेवणाऱ्या भिंती, त्यांच्यामागचे निचरे आणि दर पावसाळ्यातली दुरुस्ती एकत्र मांडली की फरक कळतो. मातीधारक भिंत बांधावीच लागली तर लक्षात ठेवा, ती बहुधा मातीच्या वजनाने पडत नाही, मागे कोंडलेल्या पाण्याच्या दाबाने पडते. भिंतीमागे खडीचा उभा थर, तळाशी छिद्रांचा पाइप, माती खडीत मिसळू नये म्हणून मध्ये जिओटेक्स्टाइल (फक्त पाणी जाऊ देणारे कापड), आणि भिंतीत दर दीड मीटरवर ७५ मिमीची निचराभोके. यातले जिओटेक्स्टाइल वगळण्याकडे ठेकेदारांचा कल असतो. दोन पावसाळ्यांत खडी गाळाने भरते आणि भोके फक्त शोभेची उरतात.

झाडांसाठी नियम सोपा आहे: खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे मुळांचे क्षेत्र. १५७ सेंटीमीटर घेर म्हणजे ५० सेंटीमीटर व्यास, म्हणजे सहा मीटर त्रिज्या. या वर्तुळात खोदकाम नाही, भराव नाही, वाळूचा ढीग नाही, ट्रक नाही. अन्न-पाणी घेणारी मुळे बहुतेक वरच्या ६० सेंटीमीटर मातीत असतात आणि त्यांना हवा लागते. माती दबली किंवा वर अर्धा मीटर भराव पडला की ती गुदमरतात. झाड लगेच मरत नाही, तीन-चार वर्षांनी शेंड्याकडून वाळू लागते. तोवर सगळे म्हणतात, रोग पडला.

उंचीचा निर्णय कागदावर घेऊ नका. छपराच्या कोपऱ्यांच्या जागी योग्य उंचीच्या काठ्या रोवून वर रंगीत कापड बांधा आणि समोरच्या टेकडीवरून, रस्त्यावरून, पाण्यावरून पाहा. छप्पर झाडांच्या शेंड्यांखाली राहिले पाहिजे. माथ्यावरची इमारत आकाशाच्या रेषेत येते आणि कितीही हिरवा रंग दिला तरी लपत नाही.

रस्ता जितका छोटा तितके बरे. गाड्या प्रवेशाजवळच थांबवा, पुढे चालत किंवा लहान विजेच्या गाडीने. फक्त अग्निशमन गाडी किमान मुख्य इमारतीपर्यंत पोचली पाहिजे. त्यासाठी रुंदी आणि वळणाची त्रिज्या स्थानिक नियमांतून आधीच घ्या, नंतर झाडे तोडून रस्ता रुंद करण्याची वेळ येते. जंगलात वणव्याचा धोका असेल तर इमारतीभोवती दहा मीटरचा पट्टा सुक्या पानांपासून मोकळा ठेवावा लागतो, झरोक्यांना ठिणगी न शिरेल अशी बारीक धातूची जाळी लागते आणि गवताचे छप्पर कितीही शोभले तरी सोडून द्यावे लागते.

ऊन, वारा, भिंती

इमारतीची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली की मोठ्या भिंती उत्तरेला आणि दक्षिणेला येतात आणि उन्हावर ताबा राहतो. विषुववृत्ताकडे तोंड असलेल्या खिडकीचे छज्जे मापाने काढता येतात. विषुवदिनी दुपारी सूर्याची उंची म्हणजे ९० वजा अक्षांश. खिडकीच्या उंचीला त्या कोनाच्या टॅन्जंटने भागले की छज्जाची खोली मिळते. दीड मीटर उंच खिडकीला २० अंश अक्षांशावर सुमारे ५५ सेंटीमीटर पुरतात. ३५ अंशांवर एक मीटरच्या वर लागतो. म्हणजे दुसऱ्या प्रदेशातल्या हॉटेलचा सुंदर छज्जा उचलून आणला तर तो एकतर हिवाळ्यातले ऊनही अडवतो किंवा उन्हाळ्यातलेही आत सोडतो. पश्चिमेकडे हा हिशेब चालत नाही, कारण मावळतीचा सूर्य छज्जाखालून सरळ आत येतो. तिथे खोल ओसरी, उभ्या पट्ट्या, झाडे, नाहीतर सरळ बंद भिंत. सूर्यास्ताचे दृश्य पश्चिमेला असेल तर ते ओसरीतून दाखवा. छतापर्यंतच्या काचेतून दाखवायला गेलात तर संध्याकाळपर्यंत एसी धापा टाकत राहतो आणि पाहुणा पडदे ओढून बसतो.

एकाच भिंतीला खिडकी असेल तर वारा छताच्या उंचीच्या दोन-अडीच पट खोलवरच पोचतो. समोरासमोर उघडी असतील तर पाच पटपर्यंत. तीन मीटर छत असेल तर एका बाजूने उघडी खोली सात मीटरहून खोल नको. छताच्या पंख्याखाली दोन-तीन अंशांनी गार वाटते, म्हणून एसी असला तरी पंखा हवाच.

दिवस-रात्रीच्या तापमानात दहा-बारा अंशांचा फरक असेल अशा कोरड्या हवेत जाड माती-दगडाच्या भिंती उत्तम: दिवसाची उष्णता रात्री उशिरा आत येते, तोवर खिडक्या उघडता येतात. दमट प्रदेशात, जिथे रात्रही गरम, तिथे तीच भिंत ओझे होते. तिथे हलक्या भिंती, उंच छप्पर आणि भरपूर वारा. दमट जागी मोठा एसी बसवण्याची चूकही सर्रास होते. तो पाच मिनिटांत खोली गार करून बंद पडतो, हवेतली ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार आणि चिकट राहते, कपाटात बुरशी धरते. एसीची क्षमता सावली, उष्णतारोधन आणि काचेचे क्षेत्र ठरल्यानंतर काढा, आधी नाही.

साहित्य निवडताना "स्थानिक" हा शब्द पुरेसा नाही. जवळचा दगड ओढ्याच्या पात्रातून काढलेला असेल तर तो जवळचा असून उपयोग नाही. पायाच्या खोदाईतून निघणारा दगड आणि माती आधी मोजा. बऱ्याचदा जोत्यापुरता दगड तिथेच निघतो. दाबून केलेल्या मातीच्या विटांना ५ ते ८ टक्के सिमेंट पुरते, पण मातीत चिकणमातीचे प्रमाण फार नको. बरणीत माती, पाणी आणि चिमूटभर मीठ हलवून रात्रभर ठेवले की वाळू, गाळ, चिकणमाती यांचे थर वेगळे दिसतात. चिकणमाती २० टक्क्यांच्या बरीच वर असेल तर विटा वाळताना तडकतात, वाळू मिसळावी लागते. विटा भाजायच्या नसतात, पण पाणी मारून तीन-चार आठवडे ओल्या ठेवाव्या लागतात. घाईत हेच गाळले जाते. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी रूढ केलेल्या रॅट-ट्रॅप बाँड या विटारचनेत भाजलेल्या विटा उभ्या लावून आत पोकळी ठेवतात. साधारण चतुर्थांश विटा वाचतात आणि पोकळीमुळे उष्णताही कमी येते.

मातीच्या भिंतीला दोन गोष्टी मारतात: खालून उडणारे पावसाचे शिंतोडे आणि वरून लावलेला प्लास्टिक रंग. पहिल्यासाठी किमान ४५ सेंटीमीटर दगडी जोते आणि ९० सेंटीमीटर ते सव्वा मीटर पुढे आलेले छप्पर. दुसऱ्यासाठी चुन्याचा गिलावा. सिमेंटचा गिलावा आणि वर इमल्शन दिले की आत आलेली ओल बाहेर पडत नाही, आणि गिलाव्याचे पापुद्रे हाताएवढे सुटून पडतात. बांबूही तसाच: तीन ते पाच वर्षांचा, बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेला, जमिनीपासून वर आणि पावसापासून दूर. न मुरवलेल्या बांबूखाली काही महिन्यांतच पिवळसर भुकटी पडू लागते. ते किड्यांचे काम. किनाऱ्यावर साध्या स्टीलचे खिळे-बिजागऱ्या टिकत नाहीत, ३१६ दर्जाचे स्टेनलेस लागते.

गरम पाणी आणि वीज

१०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ४.६५ युनिट वीज लागते. हॉटेलात हा खर्च रोजचा, म्हणून वीज वाचवायची तर इथून सुरुवात करा: सोलर वॉटर हीटर (१०० लिटरला साधारण दोन चौरस मीटर कलेक्टर) किंवा हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप, जो एका युनिटात तीन-चार युनिटांचे काम करतो.

पण हीटर कुठे ठेवता हे तो कोणता घेता याइतकेच महत्त्वाचे आहे. २० मिमी आतील व्यासाच्या २० मीटर पाइपात ६.३ लिटर पाणी मावते. टाकी लांब असेल तर पाहुणा नळ सोडून तेवढे गार पाणी वाहून जाऊ देतो. दिवसात खोलीमागे चार वेळा धरले तर २२ खोल्यांत साडेपाचशे लिटर होतात. एका खोलीच्या दिवसभराच्या पाण्याहून जास्त, आणि ते कोणाच्या वापरात आलेच नाही! चार-पाच खोल्यांच्या गटाला एक टाकी, पाइप दहा मीटरच्या आत आणि उष्णतारोधक वेष्टणात. साठवण ६० अंशांवर ठेवावी. कोमट साठवणीत फुफ्फुसांचा गंभीर आजार करणारे लीजनेला जिवाणू वाढतात, आणि रिकाम्या खोल्यांचे नळ आठवड्यातून एकदा मोकळे सोडावे लागतात तेही याचसाठी.

सोलर विजेचा संच वर्षाच्या एकूण उत्पादनावर ठरवू नका, ढगाळ महिन्यावर ठरवा. उन्हाच्या प्रदेशात एक किलोवॉट दिवसाला साधारण चार युनिट देतो, ढगाळ महिन्यात त्याच्या निम्म्यावरही येऊ शकतो. बॅटरी वाढवण्याआधी धुलाई, पंप, पाणी तापवणे ही कामे दुपारी लावा. बॅटरी लहान पुरते. पॅनेलच्या रांगेवर एका फांदीची सावली पडली तरी सगळ्या रांगेचे उत्पादन घसरू शकते, म्हणून जंगलातल्या हॉटेलात पॅनेल छपरांपेक्षा पार्किंगवर ठेवणे बरे.

वायरिंग आणि पाइप असे आखा की निम्मे हॉटेल पूर्ण बंद करता येईल. रिकाम्या महिन्यांत दहा खोल्यांचे फ्रिज, गरम पाणी आणि ओसरीचे दिवे चालू राहणे हा निव्वळ आखणीचा दोष असतो.

सांडपाणी

लहान यांत्रिक प्रक्रिया संच विक्रेत्याच्या माहितीपत्रकात चांगले दिसतात आणि हॉटेलात हमखास रडवतात. त्यांतल्या जिवाणूंना रोज सारखे अन्न लागते. सुट्टीत भरलेले आणि आठवडाभर रिकामे हॉटेल त्यांना कधी बुडवते, कधी उपाशी ठेवते. वीज गेली की जिवाणूंना मिळणारी हवा बंद, आणि काही तासांत दुर्गंधी. जागा असेल तर सेप्टिक टँक आणि त्यामागे वनस्पतींचा खडीवाफा (खडी भरून वनस्पती लावलेला वाफा, ज्यातून सांडपाणी गाळले जाते) हा जोड जास्त समजूतदार. त्याला पंप जवळजवळ लागत नाही आणि चढ-उतार तो सोसतो.

२२ खोल्यांच्या हॉटेलचे गणित: १०,४५० लिटर वापर, त्यातले ८५ टक्के म्हणजे सुमारे ८,९०० लिटर सांडपाणी.

१. स्वयंपाकघराच्या ओळीवर आधी तेल अडवणारी टाकी, स्वयंपाकघरापासून शक्य तितकी जवळ आणि झाकण सहज उघडेल अशी. ती दर आठवड्याला साफ व्हावी. खडीवाफा मरतो तो बहुतेक तेलाने.

२. दोन-तीन कप्प्यांची सेप्टिक टँक, पाणी किमान दीड ते दोन दिवस राहील एवढी. म्हणजे १३ ते १८ घनमीटर, शिवाय गाळाची जागा. बाहेर जाण्याच्या तोंडाशी जाळीचा फिल्टर. गाळ दोन-तीन वर्षांनी उपसायचा. टँकरला तिथवर रस्ता हवा हे नकाशातच पाहा.

३. खडीवाफा. उष्ण हवेत पाहुण्यामागे तीन चौरस मीटर, दिवसपाळीच्या कर्मचाऱ्यामागे एक, असे मिळून १६० चौरस मीटर. थंड प्रदेशात याच्या दुप्पट. खोली ६० सेंटीमीटर, पाण्याची पातळी खडीच्या दहा सेंटीमीटर खाली, तळाला एक टक्का उतार, खाली जाड अस्तर. पाणी शिरते आणि निघते त्या टोकांना ४० ते ८० मिमीचे गोटे, मध्ये १० ते २० मिमीची धुतलेली खडी. न धुतलेल्या खडीतली भुकटीच पहिल्या वर्षी वाफा तुंबवते.

४. एकाऐवजी दोन वाफे, प्रत्येकी आठ मीटर रुंद आणि दहा मीटर लांब. लांबट अरुंद वाफा जागेत बसवायला सोपा, पण सगळा मैला त्या चिंचोळ्या तोंडावर येतो आणि पाणी वर दिसू लागते. दोन असले की एकाला विश्रांती देता येते.

५. लावायला कर्दळ, पाणकणीस किंवा त्या भागातच पाणथळीत उगवणारे वेत-गवत. चौरस मीटरला चार-पाच रोपे. मुळे धरेपर्यंत दोन-तीन महिने वाफ्यावर पूर्ण भार टाकू नका.

हाऊसकीपिंगची ब्लीच आणि धुलाईचे क्लोरीन एकाच सकाळी टँकमध्ये गेले तर जिवाणू मरतात. धुलाईच्या पाण्याला वेगळी छोटी टाकी ठेवून ते दिवसभर हळूहळू सोडा. वाफ्यातून निघालेले पाणी ठिबकने, मातीखालून बागेला द्या. तुषार सिंचनाने फवारू नका, त्यात अजून रोगजंतू असतात.

जोरदार पावसाचे पाणी या व्यवस्थेत शिरता कामा नये. १,००० चौरस मीटर छपरावर तासात ५० मिमी पाऊस म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ लिटर. एक चुकीचा जोड असला तरी टँकमधला सगळा गाळ वाफ्यात ढकलला जातो.

रात्र, काच आणि बाग

बाहेरचे दिवे गुडघ्याच्या उंचीचे, वरून झाकलेले, २,७०० केल्विन (प्रकाशाच्या रंगाचे माप; आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळसर) किंवा त्याहून उबदार, आणि चाहूल लागताच लागणारे. झाडांवर खालून मारलेला प्रकाशझोत छायाचित्रात छान दिसतो, किडे आणि निशाचर पक्ष्यांना मात्र भोवतो. कासवे अंडी घालतात त्या किनाऱ्यावर समुद्राकडे दिसणारा पांढरा दिवा अजिबात नको. ५६० नॅनोमीटरपेक्षा लांब लहरींचा अंबर प्रकाश, तोही झाकलेला.

झाडांचे प्रतिबिंब पडणाऱ्या काचेवर पक्षी आपटतात. बाहेरच्या बाजूने दर पाच सेंटीमीटरवर ठिपके किंवा बारीक रेघा हव्यात. मधोमध एक गरुडाचे चित्र चिकटवून काही होत नाही.

हिरवळीबद्दल एकच हिशेब: ५०० चौरस मीटर लॉनला कोरड्या दिवसात २,००० ते ३,००० लिटर. वरच्या हॉटेलात ते चार ते सहा खोल्यांचे पाणी आहे. जे तिथे आधीच उगवत होते ते परत लावा. त्यासाठी खोदाईआधी वरची १५-२० सेंटीमीटर माती वेगळी काढून दीड मीटरहून कमी उंचीच्या ढिगात, झाकून ठेवा. बियांचा साठा त्याच मातीत असतो.

बांधकामाचे महिने

सगळ्यात जास्त नुकसान आराखडा मंजूर झाल्यानंतर होते. झाडांच्या वर्तुळांवर पहिल्या दिवशी पक्के कुंपण घाला. चुना टाकून आखलेली रेघ आठवड्यात पुसते. खोदाई कोरड्या हंगामात उरका. उताराच्या खाली गाळ अडवणारे कापडी कुंपण आणि चर आधी, खोदाई नंतर. सिमेंट मिक्सर धुण्याची जागा अस्तर घातलेल्या खड्ड्यात ठेवा, कारण ते पाणी तीव्र अल्कधर्मी असते आणि ओढ्यातले मासे मारते. मजुरांच्या वस्तीला शौचालय, पाणी आणि स्वयंपाकाचे इंधन पहिल्या दिवसापासून द्या, नाहीतर सरपण तुम्ही वाचवलेल्या जंगलातूनच येईल. कुंपण मोडल्यास किंवा झाड दुखावल्यास किती रक्कम कापली जाईल हे ठेक्याच्या करारात लिहिलेले असावे.

पहिले वर्ष

खोल्या, स्वयंपाकघर, धुलाई, बाग आणि तलाव यांना वेगवेगळे पाण्याचे आणि विजेचे मीटर लावा. एकच मोठा मीटर असेल तर बिल वाढल्याचे कळते, कशाने ते कळत नाही. दर आठवड्याला पाहुण्यामागे रात्रीला किती लिटर आणि भरलेल्या खोलीमागे किती युनिट, एवढे दोन आकडे काढले तरी पुरे. हॉटेल निम्मे रिकामे असताना खोलीमागे युनिट दुप्पट होत असतील तर बंद भाग खरोखर बंद होत नाही असे समजा.

पाण्याची गळती रात्री सापडते. दोन ते चार या वेळात, सगळे झोपलेले असताना, मुख्य मीटरचे दोन आकडे घ्या. फरक मोठा असेल तर एकेका गटाची झडप बंद करून पुन्हा पाहा. दोषी बहुतेक वेळा फ्लशची टाकी असते, जी आवाज न करता दिवसाला शेकडो लिटर सोडू शकते. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका आणि पंधरा मिनिटे फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतला रबरी वॉशर बदला.